थायरॉईडची गोळी

बिट्टू,

काल तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. सतरंज्या आणि खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला, पाहुणे नागपूरच्या गाडीनं परतले, आणि मी सकाळपासून घरभर फिरते आहे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. शेवटी आई ओरडली, "काहून भिंगरीवानी फिरून राहिली वं? बस न एका जागी!" म्हणून तुझ्या टेबलाशी येऊन बसले. इथं डबाभर पेन आहेत आणि त्यातला एकही धड चालत नाही. कसला रे तू चित्रकार! तुझी मऊ पेन्सिल घेतली आहे. अक्षर फिसकटतं आहे, फिसकटू दे.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून निघून जायची तुला सवयच होती. "छोड़ ना दीदी" म्हणायचास आणि गाडी चालू करायचास. मी मराठीत भांडायची, तू हिंदीत उत्तर द्यायचास, आणि आई दोघांवर वैतागायची. तिचं तर तू कधीच काही ऐकलं नाहीस. मराठीत बोल म्हणाली, बोलला नाहीस. बाबा रेल्वेत होते, तू पण रेल्वेची परीक्षा दे म्हणाली, तर परीक्षेच्या दिवशी तू मित्राच्या लग्नाचं स्टेज रंगवत बसला होतास. केस काप, वेळेवर जेव, ती अमरावतीची पोट्टी एकदा बघून तर ये. सगळ्याला एकच उत्तर, "हव मम्मी, हव." आणि करायचं आपल्या मनाचं. बाबा गेल्यावर मात्र हेच घर तू एकट्यानं सांभाळलंस, मी नव्या रायपूरला ऑफिसच्या क्वार्टरमध्ये असताना आईचा चष्मा, गॅस, गुडघे सगळं तूच बघितलंस. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू लगेच चढून बसला असतास म्हणून.

त्या रविवारी मी नेहमीसारखी सकाळीच गुढियारीला घरी आले होते. आईनं पाटोडीचा घाट घातला होता. तू हेल्मेट चढवत म्हणालास, रोशनच्या छपाईच्या दुकानात काम आहे, कुणाच्या लग्नाचा फ्लेक्स अडकला आहे. मी म्हटलं, रविवारी? तू म्हणालास, "शादी संडे देख के आती है क्या दीदी?" आणि जिन्यावरून ओरडलास, "मम्मी, मेरा बचा के रखना." आईनं ठेवलं. तुला पोचवून आलो तरी तो डबा फ्रिजमध्ये तसाच होता, कोणी हात लावेना. शेवटी मीच घासला, आणि घासताना एवढी रडले की आईला वाटलं माझा हात कापला.

दुपारी रोशनचा फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता आणि बाहेर रोशन डॉक्टरांना सांगत होता, "थायरॉइड की गोली लेता था सर. और कुछ नहीं." त्याचा शर्ट तुझ्या उलटीनं भरला होता. मी म्हटलं, "लिथियम." डॉक्टरांनी मान वर करून आधी माझ्याकडं पाहिलं, मग रोशनकडं. रोशन माझ्याकडं असा पाहत राहिला जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे.

तुला ते वाक्य ऐकवते, कारण ते माझ्या डोक्यातून जातच नाही. डॉक्टर म्हणाले, तू नशेला घेतलेल्या त्या एलएसडीनं एरवी झटके येतात ते क्वचित, पण लिथियम चालू असताना कोणी ते घेतलं तर झटक्यांचा धोका फार वाढतो, आणि तुझा झटका थांबतच नव्हता. मी विचारलं, हे आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." बस. सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर मी कुणाला तरी झोडपलं असतं, नाही म्हणाले असते तर निमूट घरी आले असते. आता मी काय करू ते सांग.

रोशनवर मी चिडलेली आहे, हे आधीच लिहून टाकते. जिभेवर ठेवायचा तो चिटुकला कागद त्यानंच आणला होता. त्याला सोडून द्यायचा माझा काही विचार नाही. पण तुझा फोटो मोठा करून घ्यायला मी त्याच्याच दुकानात गेले. आपल्या घरातली प्रत्येक पत्रिका, प्रत्येक बॅनर तात्यापाऱ्यात त्याच्याकडंच छापला, तुझ्या कामाचं टेबल तिथंच, आणि दुसऱ्या दुकानाचं नाव आठवायला डोकं ठिकाणावर नव्हतं. तू त्याचा नोकर कमी आणि दोस्त जास्त होतास, म्हणून तुझी खुर्ची तशीच रिकामी ठेवली आहे त्यानं. त्यानं तुझा तो निळ्या शर्टातला फोटो उघडला, पार्श्वभूमी पांढरी केली, आणि मान वर न करता बोलायला लागला.

"मैंने पूछा था दीदी. कसम से. सबसे पूछा था. दिल का कुछ है क्या, मिर्गी है क्या, कोई गोली चालू है क्या. मोबाइल में पढ़ा था कि पूछना चाहिए. वो बोला, बस थायरॉइड की है. मैंने थायरॉइड डाल के देखा, कुछ खराब नहीं लिखा था."

मग म्हणाला, तुला थरथर सुटली तेव्हा तुमच्यासोबत बसलेले बाकीचे दोघं म्हणाले, याला हात लावू नका, आतलं बाहेर येतं आहे. असं येतं म्हणे. येऊ द्यायचं असतं म्हणे. तेही त्यांनी मोबाइलमध्येच पाहिलं होतं. तुझे ओठ निळे पडायला लागले तेव्हा रोशनला कळलं की हे ते नाही. मग एकानं तुझ्या नाकाला चप्पल लावली. इतकी पुढारलेली पोरं, आणि शेवटी नाकाला चप्पल! मला तिथं उभ्या उभ्या हसू आलं आणि रोशन घाबरला.

फोटो छापून झाला. छान आला आहे. मी तो पिशवीत घातला आणि रिक्षात बसून एकच विचार करत आले, की आता हे मी आईला सांगू कशी.

कारण थायरॉईड आला कुठून, ते तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

पाण्याच्या टाक्यांपासून सगळं सुरू झालं. तुला झोप लागेनाशी झाली होती आणि तू गल्लीतल्या गच्च्या गच्च्यांवर चढून काळ्या टाक्या रंगवत सुटला होतास. साहू काकीच्या टाकीवर तो भलामोठा मासा, हेडमास्तरांच्या टाकीवर मोर, आपल्या टाकीवर मालगाडीचे डबे गोल फिरत इंजिनाला येऊन भिडलेले. गल्ली खूश होती. पोरं फोटो काढत होती. मी पण खूश होते, म्हटलं पोट्टा मार्गाला लागला. मग एक दिवस तू खाली आलास आणि उठलाच नाहीस. आंघोळ नाही, बोलणं नाही, भिंतीकडं तोंड. डॉक्टरांनी दोन्हीचं मिळून एकच नाव सांगितलं, बायपोलर, आणि लिथियमची गोळी दिली. गोळीनं तू परत माणसात आलास. या गोळीचे उपकार आहेत आपल्यावर, बिट्टू, हे तुला कधी पटलं नाही.

आणि मग साहू काकी साखर मागायला आली आणि तिला ओट्यावर गोळ्यांची पट्टी दिसली. "कौन खाथे ये गोली?" काकी स्वतः थायरॉईडची गोळी घेते, रोज सगळ्या गल्लीला सांगते. आईच्या तोंडी तेच आलं. "बिट्टू को थायरॉइड निकला." झालं. डोक्याची गोळी म्हटली असती तर सायंकाळपर्यंत वस्तीभर झालं असतं, आणि तुझ्या लग्नाचं आईच्या डोक्यात होतं. त्या दिवशी आपण तिघं जेवताना किती हसलो होतो. तू म्हणालास, "मम्मी, एक्टिंग में जा तू." आई पण हसली, पण हसता हसता तुला बजावलं, "कोनी बी इचारलं तं हेच सांगजो. समजलं? कोनी बी."

मग त्या थायरॉईडनं घरात पाय पसरले. काकी रोज विचारणार, खाली पेट लेता है ना? काकीनं सांगितलं, थायरॉईडला पत्तागोभी चालत नाही. काकी आपल्या स्वयंपाकघरात कधीही डोकावते, म्हणून आईनं पानकोबी आणणंच बंद केलं. हरभऱ्याची डाळ घालून केलेली पानकोबी, तुझ्या सगळ्यात आवडीची, एका नसलेल्या रोगापायी घरातून हद्दपार झाली. तू ढाब्यावर जाऊन खायचास. तुझं रक्त तपासायचं असायचं, तेही थायरॉईडच्या नावानं. नागपूरच्या मावशीला थायरॉईड सांगितला, ऑफिसात माझ्या मैत्रिणींना थायरॉईड, रोशनला थायरॉईड. खोटं बोलतो आहोत हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. तुझ्याही राहिलं नसावं. तू त्या दिवशी रोशनपासून काही लपवलंस असं मला वाटतच नाही. तोंडाला सवय होती ते तू बोललास.

आता आपलं अर्धं राहिलेलं भांडण.

जयंतीच्या बॅनरच्या वेळचं. तू गच्चीवर कापड पसरून बुद्धाचा चेहरा काढत होतास आणि मी चहा घेऊन वर आले. अर्धमिटली पापणी काढायची होती. एक रेघ. तुझा हात थरथरला. पुसलंस, परत काढलीस, परत थरथरला. तू ब्रश पाण्यात फेकून म्हणालास, "यह गोली मुझे एक सीधी लाइन नहीं खींचने देती दीदी." मी म्हटलं, मग डॉक्टरांना सांग, ते डोस बघतील, दुसरं काही देतील. तू म्हणालास, त्यांना काय, त्यांना फक्त मी शांत बसलेला पाहिजे. मी म्हटलं, आम्हालाही तेच पाहिजे. तू म्हणालास, "और मेरे को?" त्यावर मी आवाज चढवला, आणि तू "छोड़ ना दीदी" म्हणून खाली उतरलास.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. पण तू गेल्यावर मी वाचत सुटले आहे, जे मिळेल ते. असल्या द्रव्यांनी उदासीवर काही गुण येतो का हे खरंच तपासतात म्हणे, डॉक्टर बसवून, दिवसाउजेडी. तू गोळीखेरीज दुसरं काही शोधत होतास ते अगदीच हवेतलं नव्हतं, हे मान्य करते. पण तिथं आधी माणसाला नीट विचारतात, आणि लिथियम घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात. दारातूनच, बिट्टू! रोशननं पण दारातच विचारलं होतं. त्यानं विचारायचं ते विचारलं, त्याच्या अकलेप्रमाणे बघायचं ते बघितलं. आणि आपल्या घरानं त्याला उत्तर दिलं.

हे वस्तीतल्या कुणाला माहीत नव्हतं. आईनं पाहुण्यांना अटॅक आला म्हणून सांगितलं होतं, पण दवाखान्यातून गोष्ट फुटलीच. मंडळाची पोरं म्हणत होती, रोशनच्या दुकानाला कुलूप ठोकू, दिसला की धरू. आणि आई, जी कधी मांजरालाही शिवी देत नाही, ती येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती, "त्या रोशननं माह्या लेकराले खाल्लं." मी ऐकत होते आणि ओठ चावत होते. रोशननं काय विचारलं ते सांगावं तर आईला कळणार की उत्तर तिचं होतं. न सांगावं तर रोशनचं काही खरं नाही. हा गुंता तू माझ्या गळ्यात टाकून गेलास, आणि वर फोटोत हसतो आहेस.

काल त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. आईला पाचव्या शीलाची धास्ती होती. मादक गोष्टींपासून दूर राहीन हे म्हणताना सगळी वस्ती तुझ्या फोटोकडं बघणार, असं ती आदल्या दिवसापासून म्हणत होती. खरंच बघितलं लोकांनी. मी मात्र त्याच्या आधीच अडकले होते. चौथं शील, खोटं न बोलण्याचं. सगळे पुढं गेले, मी तिथंच राहिले.

मग लोक एकेक करून दोन शब्द बोलायला उठले. बिट्टू हसरा होता, बिट्टू कलाकार होता. मंडपाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशी, पांढरा शर्ट घालून रोशन उभा होता. कोणी त्याला आत बोलावलं नाही. पोरं त्याच्याकडं बघून कुजबुजत होती. मी उठले. म्हटलं, माझ्या भावाला थायरॉईड नव्हता. त्याला मनाचा आजार होता, त्याला बायपोलर म्हणतात, आणि त्यासाठी तो लिथियम घ्यायचा. आम्ही ते लपवलं. ती गोळी चालू असताना त्यानं नशेचा कागद घेतला आणि दोन्ही मिळून त्याला झटके आले. तुमच्यापैकी कुणी अशी गोळी घेत असेल, तर निदान एका माणसाला तरी तिचं खरं नाव सांगून ठेवा. एवढं बोलले. साहू काकीनं तोंडाला पदर लावला. पुढचं वाक्य होतं, "आणि रोशननं त्याला विचारलं होतं." तेवढ्यात आईकडं नजर गेली. पांढऱ्या लुगड्यात ती इतकी लहान दिसत होती. मी खाली बसले. ते वाक्य राहिलंच. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा चपलांपाशी कोणी नव्हतं.

सायंकाळी घर रिकामं झालं. आई ताटातलं मेणबत्त्यांचं मेण सुरीनं खरवडत बसली होती. मला वाटलं ती माझ्यावर चिडणार, सगळ्यांसमोर बोलले म्हणून. तिनं मान खाली घालूनच विचारलं, "तो रोशन तं हुशार पोट्टा हाय. त्यानं इचारलं नसन काय बिट्टूले, तू कोन्ती गोळी घेते म्हणून?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. जिभेवर आलंच होतं. इतकी वर्षं खोटं बोलल्यावर अजून एक काही जड जात नाही. पण मी म्हटलं, "विचारलं होतं."

"मंग?"

"थायरॉईडची म्हणाला."

आई मेण खरवडत राहिली. त्या ताटात आता खरवडायला काही उरलं नव्हतं, तरी सुरी फिरतच होती. मी ती तिच्या हातातून काढून घेतली. मग ती बोलली.

"माह्यं जलमभर एक नाही आयकलं त्यानं," आई म्हणाली. "एवढंच आयकलं."

त्यानंतर काय झालं ते मी लिहीत नाही. आईला असं रडताना मी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला तुझा राग आला, रोशनचा आला, काकीच्या साखरेच्या वाटीचा आला. आईचा नाही आला. एका बाईनं आपल्या लेकराला वस्तीच्या तोंडापासून वाचवायला हाताशी होतं ते नाव उचललं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तू तर हसत हसत केलंसच.

इथपर्यंत लिहिलं आणि उठावं लागलं. स्वयंपाकघरातून वास आला म्हणून गेले. आई सकाळीच बाजारात जाऊन आली होती, मला पत्ताही नाही. कढईत पानकोबी होती, हरभऱ्याची डाळ घातलेली. मी दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "त्या रोशनले फोन लाव. काल न जेवता गेला."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. आधी खाली गल्लीतच घुटमळला, मी गच्चीवरून हाक मारली तेव्हा वर चढला. तुझ्या फोटोकडं त्याला बघवेना. आईनं पाट टाकला, ताट वाढलं, आणि समोर बसली. तो खाली मान घालून जेवत होता. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. पानकोबी संपली तेव्हा आईनं परत वाढली, आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "बेटा, तू कोई गोली लेता है क्या?"

रोशननं मान हलवली. "नहीं मम्मी जी."

"आज नहीं लेता. कल लेगा, परसों लेगा," आई म्हणाली. "कोई पूछेगा तो उसका सच्चा नाम बोलना. घर का सिखाया हुआ मत बोलना."